गोविंदांनो, आधी अंग कमवा!

गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत चाळींच्या पटांगणांत गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. दिवसभर नोकरी करून आलेली मुले रात्री जमतात आणि थर लावू लागतात. उपनगरात वैद्यकीय व्यवसाय करत असल्याने या हंगामाची चाहूल मला दवाखान्यातच लागते. आधी मान आखडलेले येतात, मग खांदा धरलेले, पुढे घोटा मुरगळलेले. त्यांना मी एकच प्रश्न विचारतो, ‘वर्षभर व्यायाम काय करतोस?’ उत्तर ठरलेले असते, ‘डॉक्टर, सराव हाच व्यायाम!’ नेमका इथेच घोटाळा आहे.

गोविंदा हा आता पोरखेळ राहिलेला नाही. जोगेश्वरीच्या ‘जय जवान’ पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम केला. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. खेळ म्हटला की त्याची शारीरिक तयारीही आली. कुस्तीगीर आधी जोर-बैठका मारतो, मग आखाड्यात उतरतो. गोविंदा मात्र थेट आखाड्यातच उतरतो!

गुरुपौर्णिमा ते गोपाळकाला हा काळ जेमतेम साडेपाच आठवड्यांचा. नियमित व्यायामाने स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढू लागते. पण स्नायू हाडांना जोडणारे कंडरे, सांध्यांचे अस्थिबंध आणि खुद्द हाडे यांना भार पेलण्याची सवय व्हायला महिने लागतात. म्हणजे मुलाला जोर आल्यासारखा वाटतो, पण सांधे अजून कच्चेच असतात. अशा वेळी खांद्यावर भार चढला की दुखापतीला निमंत्रणच. म्हणून माझे सांगणे असे की, अंग कमवायला अक्षय्यतृतीयेपासून सुरुवात करा. हाताशी साडेतीन महिने मिळतील.

व्यायामाला पैसे लागत नाहीत. पुढील गोष्टी पुरेत.

१. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे किंवा हळू धावावे. दम टिकतो.

२. एक दिवसाआड जोर आणि बैठका. प्रत्येकी दहाच्या तीन फेऱ्यांनी सुरुवात करून दर आठवड्याला थोडी वाढ करावी.

३. कोपरे आणि चवडे जमिनीला टेकवून अंग फळीसारखे ताठ धरावे. वीस सेकंदांपासून एक मिनिटापर्यंत न्यावे. कंबर आणि पाठ सांभाळणारा हा व्यायाम खालच्या थराने चुकवू नये.

४. मानेसाठी तळहात कपाळावर ठेवून, डोके न हलवता सहा ते दहा सेकंद दाब द्यावा. तसाच मागून आणि दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी पाच वेळा.

५. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभे राहून टाचा वर-खाली कराव्यात. पोटऱ्या आणि घोटे बळकट होतात.

व्यायामानंतर अंग आंबणे स्वाभाविक आहे. मात्र एखाद्याच सांध्यात कळ येत असेल, सूज असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर थर बंद आणि डॉक्टरांकडे!

प्रत्यक्ष दिवशीची एक गोष्ट पथकांच्या लक्षात येत नाही. सकाळी गरम झालेले अंग ट्रकमध्ये तासभर बसून, पावसात भिजून पुन्हा थंड पडते. म्हणून प्रत्येक हंडीपूर्वी दहा मिनिटे जागच्या जागी धावून, खांदे आणि गुडघे मोकळे करून घ्यावेत. उपाशीपोटी राहू नये. केळे, चणे-गूळ, लिंबूसरबत सोबत असावे. दारू प्यायलेल्याला थरात घेऊ नये, मग तो कितीही जुना गडी असो.

स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातही माणसांचे मनोरे रचण्याची जुनी परंपरा आहे. तिथे सर्वजण सुखरूप खाली उतरले तरच मनोरा पूर्ण झाला असे मानतात. २००६ साली तिथे एक मुलगी पडून दगावली आणि त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आले. आपल्याकडे सलामी दिली की टाळ्या वाजतात आणि खालच्यांचे लक्ष उडते. थर उतरवण्याचाही सराव थर लावण्याइतकाच काटेकोर हवा.

२०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात उंचीची मर्यादा उठली, तेव्हा चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, अशी हमी सरकारने दिली होती. तरीही २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला एक लहान मुलगा पडून गेला, आणि तोही गोपाळकाल्याला नव्हे, सरावात! हेल्मेट आणि गाद्या सरावाच्या पहिल्या रात्रीपासून हव्यात, त्या यासाठीच.

कुणी उंचावरून पडलाच, तर बगलेत हात घालून त्याला उभे करू नका. मानेचा मणका दुखावला असेल तर अशा उचलण्याने हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. गर्दी हटवा, डोके आणि मान सरळ रेषेत धरून ठेवा, हेल्मेट ओढून काढू नका आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपणे, उलटी होणे, हातापायांना बधिरपणा येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. साधा घोटा मुरगळला असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि पाय उंच ठेवावा. पहिले दोन दिवस मालीश किंवा शेक नको.

हल्ली गोविंदांचा विमा उतरवला जातो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण विमा खर्च भरून देईल, मोडलेला मणका नाही. तेव्हा पालकांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी पथकात जात असेल तर अडवू नका. फक्त उद्या सकाळी त्यांना दहा बैठका मारायला सांगा. आणि पथकाच्या प्रमुखांनो, यंदा कितवा थर लावायचा हे ठरवण्याआधी खालच्या थरातला प्रत्येक जण एक मिनिट फळीसारखा ताठ राहू शकतो का, एवढे तपासून पाहा.