बावट्याची भाषा

'बंदरावर तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे,' हे वाक्य पावसाळ्यात आकाशवाणीवरून अनेकदा कानी पडते. समुद्रापासून दूर असलेल्या नायगावसारख्या गावी ते ऐकून एखाद्या विद्यार्थ्याने 'बावट्याला नंबर कशासाठी?' असे विचारले, तर त्याचे समाधान करण्यासाठी शिक्षकांना शिडांच्या जहाजांच्या काळापर्यंत मागे जावे लागेल.

त्या काळी समुद्रावर परस्परांशी संपर्क साधण्याची साधने मोजकीच होती. दिवसा निशाण, रात्री कंदील आणि धुक्यात तोफेचा बार. या साधनांना मर्यादाही होत्या. वारा पडला की निशाण काठीला लोंबून राही; लढाईस तोंड लागले की धुरात ते दिसेनासे होई. म्हणून खुणा थोड्या असणे, आणि त्यांचा अर्थ दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असणे, अत्यंत आवश्यक होते.

याचे एक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात आढळते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी उभारण्यास प्रारंभ केला. ते काम रोखण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांनी आपली जहाजे धाडली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठी आरमार त्यांच्यावर चालून गेले. इंग्रजांची इतर लहान जहाजे मागे हटली आणि 'रिव्हेंज' हे जहाज एकाकी झुंजत राहिले. 'डव्ह' या गुराबेने निशाण उतरविले व ती मराठ्यांच्या हाती पडली. दोन्ही पक्षांची भाषा भिन्न होती. परंतु निशाण उतरविणे म्हणजे शरणागती, हे उभयतांस ठाऊक होते.

शरण जाण्यास एक खूण पुरते. सविस्तर आज्ञा देण्यास मात्र शब्दसंग्रह हवा. इंग्रज आरमारातील होम पॉपहॅम या अधिकाऱ्याने १८०० च्या सुमारास ही अडचण दूर केली. शून्य ते नऊ या अंकांसाठी दहा निशाणे ठरविण्यात आली आणि कोशातील प्रत्येक शब्दास एक क्रमांक देण्यात आला. तीन निशाणे चढविली की एक शब्द पूर्ण होई. १८०५ मधील ट्रफाल्गरच्या लढाईपूर्वी नेल्सनने योजिलेला एक शब्द कोशात नव्हता, तेव्हा त्याऐवजी कोशातील जवळचा शब्द वापरण्यात आला. त्याच मोहिमेत शत्रू बंदराबाहेर पडल्याची वार्ता जहाजांच्या साखळीने, एकाने पाहून दुसऱ्यास दाखवीत, मैलोगणती दूर असलेल्या नेल्सनपर्यंत पोहोचविली होती.

खुणेस क्रमांक देण्याची हीच पद्धत आजही आपल्या बंदरांवर दिसते. हवामान खात्याकडून सूचना येताच बंदरावर एक ते अकरा या क्रमांकांपैकी योग्य तो इशारा लावला जातो. दिवसा शंकूच्या व नळकांड्याच्या आकाराच्या खुणा, तर रात्री तांबडे व पांढरे दिवे वापरतात. पहिले दोन क्रमांक दूर समुद्रातील हवामानाविषयी असतात. तिसरा क्रमांक खुद्द बंदरास वादळी वाऱ्याचा धोका असल्याचे दर्शवितो. अकराव्या क्रमांकाचा अर्थ विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. वादळाची सूचना देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे, असे तो सांगतो. संदेश येत नाही, ही गोष्टदेखील कळविण्यासारखी मानलेली आहे.

ही बाब गोदाकाठच्या ग्रामपंचायतींनाही उपयुक्त ठरावी. विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडले जातात, तेव्हा नांदेडच्या खालच्या बाजूस नदीकाठी असलेल्या गावांना वेळेवर सावध करणे अगत्याचे असते. आज दूरध्वनी हाताशी आहे. परंतु मुसळधार पावसात वीज गेली व संपर्क तुटला, तर पुन्हा शाळेची घंटा, मंदिराचा भोंगा किंवा दवंडी यांचाच आधार घ्यावा लागतो. घंटा किती वेळा वाजली म्हणजे जनावरे सोडावयाची आणि किती वेळा वाजली म्हणजे घर सोडून उंचवट्यावर जावयाचे, हे पूर आल्यावर ठरविता येत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत या खुणा ठरवाव्यात, त्या फलकावर लिहाव्यात आणि शाळेतील मुलांकडून एकदा त्यांचा सराव करून घ्यावा. मुलांना ठाऊक असलेली खूण घरोघरी पोहोचण्यास वेळ लागत नाही.