फलकावरची बुद्धिबळ क्रमवारी

संगणक कक्षाबाहेरच्या फलकावर दर सोमवारी लागणारी बुद्धिबळाची क्रमवारी कोण लिहितो, असे काही पालकांनी विचारले. लिहीत कोणी नाही. नववीच्या मुलांनी पायथन भाषेत केलेला छोटा प्रोग्रॅम ती आणतो.

मुले लीचेस या संकेतस्थळावर खेळतात. एका फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० साली ते सुरू केले. खेळणे विनामूल्य, जाहिराती नाहीत. तेथील माहिती दुसऱ्या प्रोग्रॅमला देण्यासाठी ठेवलेली खिडकी म्हणजे एपीआय. ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी सरकवली की उत्तर मिळते. ही चिठ्ठी आपल्या वतीने लिहून देणारे तयार साहित्य म्हणजे 'बर्झर्क' ही लायब्ररी. (लायब्ररी म्हटले की आम्हांला सयाजीराव महाराजांची सेंट्रल लायब्ररीच आठवते! इथे पुस्तके नाहीत, तयार आज्ञा आहेत.) खेळाचा प्रकार 'ब्लिट्झ' आणि संख्या १० एवढे सांगितले की जगातील पहिल्या दहांची यादी हजर. जाहीर माहितीला पासवर्ड लागत नाही. तेव्हा मुलांनो, तो प्रोग्रॅममध्ये लिहू नका.

आपल्या मुलांची यादी करताना मात्र फजिती झाली. प्रोग्रॅमने एकेका नावासाठी धडाधड वेगळी चिठ्ठी पाठवली आणि उत्तर आले '४२९', म्हणजे फार घाई झाली. अशा वेळी पूर्ण एक मिनिट थांबायचे असते. नंतर मुलांनी सगळी नावे एकाच चिठ्ठीत घातली. एका वेळी ३०० पर्यंत चालतात.

खरी अडचण वेगळीच निघाली. एक पालक काळजीने आले: "सर, मुलगा १५०० वरून १२४० वर घसरला. खेळ बंद करू का?" मुलगा दाराशी खाली मान घालून उभा होता. लीचेसवर प्रत्येक नवा खेळाडू १५०० वरच सुरू होतो. तो आकडा कमावलेला नसतो, नुसता अंदाज असतो. म्हणून त्यापुढे प्रश्नचिन्ह असते. डाव वाढतात तसा अंदाज पक्का होतो आणि प्रश्नचिन्ह जाते. शिवाय हे गुणांकन फिडेच्या गुणांकनाशी ताडू नये, दोन्हींची मापे वेगळी आहेत.

चूक आमचीच होती, कच्चे आकडे आम्हीच फलकावर लावले. आता प्रश्नचिन्ह गेलेलीच नावे लागतील, तीही टोपणनावाने आणि पालकांची लेखी संमती असेल तरच. संमतीपत्रक कार्यालयात ठेवले आहे. तो मुलगा परवा १२७५ वर होता.