घरगुती हवामान-केंद्राची उभारणी : स्थिर व विश्वसनीय नोंदींचा प्रश्न

मराठीत पावसासाठी जे शब्द आहेत त्यांचा अर्थ कोशात वर्णनाने दिलेला असतो, मापाने नव्हे. ‘भुरभुर’, ‘झिमझिम’, ‘रिपरिप’, ‘झड’, ‘मुसळधार’ यांतील भेद भाषकाला निःसंशय जाणवतो. परंतु ताशी किती मिलिमीटरपर्यंत ‘रिपरिप’ म्हणावयाचे आणि ती किती वेळ टिकली म्हणजे तिला ‘झड’ हे नाव मिळते, याचे उत्तर केवळ शब्दसंग्रहावरून देता येत नाही. शब्दाचा वापर आणि त्या वेळची प्रत्यक्ष पर्जन्यमात्रा या दोहोंची नोंद शेजारी शेजारी ठेवली तरच असा अर्थविचार संभवतो. अलीकडे स्वयंचलित हवामान-केंद्रे सामान्य अभ्यासकाच्या आवाक्यात आल्याने हे काम घरच्या गच्चीवरूनही करता येण्याजोगे झाले आहे. मात्र यंत्र विकत घेणे आणि विश्वसनीय नोंद मिळवणे या दोन भिन्न गोष्टी होत. नोंदीचा खरेपणा यंत्राच्या किमतीवर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक ते कोठे व कसे बसवले यावर असतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे.

प्रथम हा प्रश्न का महत्त्वाचा आहे ते पाहू. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणानुसार चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर त्यास एक संज्ञा आहे, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरला दुसरी आणि त्यापुढे तिसरी. वृत्तपत्रांतून येणारे ‘मुसळधार’ व ‘अति मुसळधार’ हे शब्द या सीमांशी जोडले गेले आहेत. आता एखाद्या दिवशी खरोखर ७० मिलिमीटर पाऊस झाला आणि सदोष जागेमुळे यंत्राने त्यातला दहावा भाग गमावला, तर नोंद ६३ मिलिमीटरची होईल आणि तो दिवस ‘मुसळधार’ या वर्गातून बाहेर पडेल. म्हणजे मापनातील चूक ही येथे केवळ आकड्याची राहत नाही. ती नावाची चूक होते.

याउलट, दोन जवळच्या केंद्रांचे आकडे जुळत नाहीत एवढ्यावरून त्यांपैकी एक चुकीचे आहे असेही म्हणता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकास कुलाबा येथे सुमारे ७४ मिलिमीटर. हा फरक यंत्राचा नव्हता, पावसाचाच होता. तसे खात्रीपूर्वक म्हणता आले, कारण दोन्ही ठिकाणी यंत्रे ठराविक संकेतांनुसार बसवलेली होती. जागेविषयी शंका असती, तर इतका विलक्षण आकडा यंत्रदोष म्हणून बाजूला सारण्याचा मोह अनेकांना झाला असता. मांडणीचे नियम पाळण्याचा खरा लाभ हा, की असामान्य नोंदीवर विश्वास ठेवण्याचा अधिकार आपणास प्राप्त होतो.

पर्जन्यमापकाविषयीचा विचार आपल्याकडे जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारात एक अरत्नी मुखाचे कुंड ‘वर्षमान’ म्हणून ठेवावे असे सांगितले आहे. पात्राचे मुख निश्चित केले म्हणजे माप निश्चित झाले, अशी यामागील धारणा दिसते, आणि आजही अनेकांची समजूत तशीच असते. परंतु इंग्लंडात विल्यम हेबर्डन याने १७६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनी ती अपुरी ठरवली. त्याने लंडनमध्ये तीन पर्जन्यमापके ठेवली होती : एक जमिनीलगत, एक घराच्या छपरावर आणि एक वेस्टमिन्स्टर ॲबेच्या शिखराजवळ. एका वर्षात त्यांत अनुक्रमे सुमारे २२.६, १८.१ आणि १२.१ इंच पाऊस जमला. पाऊस तोच, शहर तेच. तरी वरच्या पात्रात खालच्याच्या निम्म्याहून थोडेच अधिक पाणी पडले. याचा उलगडा विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६१ मध्ये केला. वाऱ्याच्या मार्गात पात्राचा अडथळा आला की हवा त्याच्या काठावरून वेगाने उसळून जाते आणि थेंबांना मुखापलीकडे वाहून नेते. उंचीबरोबर वारा वाढतो, म्हणून तूटही वाढते.

यास्तव पर्जन्यमापक शक्य तितका खाली असावा हा पहिला नियम. भारतीय वेधशाळांत त्याचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर ठेवण्याची पद्धत आहे. याहून खाली ठेवल्यास जमिनीवरून उडणारे शिंतोडे आत येतात. झाड, भिंत अथवा पाण्याची टाकी यांची काठापासून वर जेवढी उंची असेल, तिच्या किमान दुप्पट अंतर त्या वस्तूपासून राखावे. काठ पाणसळीने तपासून अगदी समपातळीत आणावा. स्वयंचलित यंत्रात दोन कप्प्यांची एक लहान डोलणी असते. एक कप्पा भरला की ती कलते आणि एक ‘टिचकी’ नोंदली जाते. बैठक तिरपी असेल तर एक कप्पा लवकर व दुसरा उशिरा कलतो आणि प्रत्येक आकड्यात दोष शिरतो. याची परीक्षा सोपी आहे. मुखाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. तेव्हा २०० मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने ओतले असता यंत्राने १० मिलिमीटर दाखवावयास हवे. पाणी भरभर ओतल्यास आकडा कमी येतो, कारण डोलणी कलत असताना पडणारे पाणी हिशेबात येत नाही. अतिवृष्टीच्या वेळी हीच उणीव प्रत्यक्षातही संभवते.

तापमानाचा प्रश्न वेगळा आहे. आपणास हवेचे तापमान हवे असते, यंत्रावर पडलेल्या उन्हाचे नव्हे. स्कॉटलंडमधील दीपगृहांचे अभियंते टॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात दुहेरी झडपांची जी पांढरी पेटी योजली ती याचसाठी : हवा मोकळी खेळावी, ऊन मात्र आत येऊ नये. आपल्या गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे उघडताना सूर्यकिरण सरळ आत पडत नाहीत. घरगुती यंत्रातील एकावर एक रचलेल्या पांढऱ्या तबकड्या हे तिचेच लघुरूप होय. ही तबकडी-पेटी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, शक्यतो माती किंवा गवत असलेल्या मोकळ्या जागी असावी. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता सोडत राहते; भिंतीलगत लावलेले यंत्र वस्तुतः भिंतीचे तापमान सांगू लागते. वातानुकूलन यंत्राचा झोत, स्वयंपाकघराची चिमणी, वाळत घातलेले ओले कपडे, रोज पाणी घातले जाणारे तुळशीवृंदावन यांपैकी काहीही निकट असल्यास तापमान अथवा आर्द्रता खरी राहत नाही.

वाऱ्याची अपेक्षा मात्र याच्या नेमकी उलट आहे. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार वातवेगमापक मोकळ्या जागी १० मीटर उंचीवर असावा आणि जवळच्या अडथळ्यापासून त्याचे अंतर अडथळ्याच्या उंचीच्या दसपट तरी असावे. नगरातील घरी हे क्वचितच साधते. तथापि गच्चीच्या कठड्याशी वारा उसळून भोवरे निर्माण करतो, त्यांतून वर निघण्याइतकी उंची खांबाला अवश्य द्यावी. वातकुक्कुटाची दिशा खऱ्या उत्तरेशी जुळवावी लागते. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर व खरी उत्तर यांतील अंतर एक अंशाच्या आत असल्याने होकायंत्र चालते; मात्र लोखंडी सळ्यांच्या सान्निध्यात ते फसवते. अशा वेळी कात्यायन शुल्बसूत्रातील शंकूची रीत आजही उपयोगी पडते. सपाट जागी काठी उभी करून तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी व दुपारनंतर छायेचे टोक परिघाला जेथे स्पर्श करते ते दोन बिंदू जोडले असता पूर्वपश्चिम रेषा मिळते.

येथवरच्या विवेचनावरून मुख्य अडचण ध्यानात येईल. पर्जन्यमापकाला खाली राहावयाचे आहे, वातवेगमापकाला वर जावयाचे आहे आणि तापमापकाला मध्यभागी सावलीत, तापलेल्या पृष्ठभागापासून दूर. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांत मात्र तिन्ही एकाच देहात जोडलेली असतात. ज्यांचे भाग सुटे करता येतात असे यंत्र घ्यावे, हा त्यावरील उत्तम उपाय. ते शक्य नसेल तर आपल्या अभ्यासास कोणती नोंद प्रधान आहे हे आधी ठरवून तिच्या सोयीची जागा निवडावी व उरलेल्या नोंदी गौण समजाव्यात. सर्वांना थोडेथोडे समाधान देणारी मधली जागा बहुधा कोणालाच समाधान देत नाही.

खांबाच्या स्थैर्याविषयीही काही सांगणे अवश्य आहे. हलणारा खांब डोलणीला हिसके देतो आणि पाऊस नसताना पाऊस नोंदवतो. वाऱ्याच्या झंझावाती रात्री कोरड्या आकाशातून आलेले एकदोन मिलिमीटर बहुधा या जातीचे असतात. जस्ताचा मुलामा दिलेला जाड लोखंडी पाइप घ्यावा, ओळंब्याने तो दोन बाजूंनी सरळ करावा आणि उंची अधिक असल्यास समान अंतरावर तीन ताणतारा द्याव्यात. गच्चीच्या स्लॅबला भोके पाडू नयेत. गळती सुरू होते. कठड्याला पट्ट्यांनी आवळणे किंवा जड काँक्रीटच्या ठोकळ्यात खांब रोवणे बरे. पाण्याच्या पंपाचे कंप ज्या भिंतीत उतरतात ती भिंत टाळावी. धातूच्या खांबाला जाणकाराकडून अर्थिंग करून घ्यावे, आणि गडगडाट सुरू झाल्यावर त्याजवळ जाऊ नये.

वायुभारमापकाला घराबाहेर जाण्याची गरज नसते. त्यास उन्हापासून दूर अशी स्थिर जागा पुरे. मात्र त्यास उंची सांगावी लागते. समुद्रसपाटीनजीक सुमारे ८ मीटर चढले की वायुभार १ हेक्टोपास्कलने घटतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथील प्रत्यक्ष वायुभार समुद्रसपाटीच्या मूल्याहून साठाहून अधिक हेक्टोपास्कलने कमी असतो. तिसऱ्या मजल्याची उंची विसरली तरी एक हेक्टोपास्कलची चूक होते. यंत्र ठीक चालते की नाही हे पाहण्याची एक नैसर्गिक कसोटीही आहे. उष्ण कटिबंधात वायुभार रोज सकाळी व रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. निवळ हवेच्या काही दिवसांच्या आलेखात ही भरती-ओहोटी दिसली नाही, तर दोष यंत्रात शोधावा.

शेवटचा मुद्दा नोंदीच्या शिस्तीचा. भारतात पर्जन्यदिन सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा मोजला जातो. वर उल्लेखिलेले ९४४ मिलिमीटरही २७ जुलैच्या सकाळी ८.३० पर्यंतच्या चोवीस तासांचे आहेत. घरगुती यंत्रे सामान्यतः मध्यरात्री दिवस बदलतात. हा भेद न जाणता दोन आकड्यांची तुलना करणे निरर्थक होय. तद्वत प्रत्येक केंद्रासोबत एक वही असावी : यंत्र कोणत्या दिवशी, किती उंचीवर बसवले, भोवती काय आहे, शेजारी इमारत केव्हा उभी राहिली, गाळणीतील पाने व कोळ्याची जाळी केव्हा काढली. मृगापूर्वी एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्यास ही सफाई आवश्यक असते.

बोलींच्या अभ्यासकास या वहीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. निवेदकाचे वय, गाव आणि व्यवसाय नोंदलेला नसेल तर टिपलेल्या शब्दरूपाला पुरावा म्हणून स्थान नाही, हे आपण प्रत्येक विद्यार्थ्याला आरंभीच शिकवतो. जागेची माहिती नसलेला मिलिमीटरचा आकडाही तसाच अनाथ असतो. उलट साध्या यंत्राचा आकडा असो, त्याची उंची, परिसर आणि वेळ ज्ञात असेल तर त्यातील दोषाचाही अंदाज बांधता येतो आणि दुसऱ्या गावच्या आकड्याशी तो ताडून पाहता येतो. ‘रिपरिप’ कोठे संपते आणि ‘मुसळधार’ कोठे सुरू होते, ही सीमा कोकणात व मराठवाड्यात एकच आहे काय, असा प्रश्न विचारण्यापूर्वी दोन्हीकडची पात्रे सारख्याच रीतीने बसवलेली असली पाहिजेत.