घर आधी की लगीन आधी?

तेरहून आम्ही बोलतोय. मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक लवकर आटोपली. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, आणि मग एकीच्या घरी टीव्हीवर आम्ही जुना हिंदी सिनेमा लावला, ‘घरौंदा’. पोरं पावसाळ्यात पायावर ओली माती थापून खोपा करतात ना, तसलं खेळातलं घर म्हणजे घरौंदा. सिनेमा संपला तरी कुणी उठेना. वाद सुरू झाला तो दोनदा चहा होऊनही मिटला नाही.

आधी गोष्ट सांगतो. सिनेमा १९७७ सालचा, गाव मुंबई. सुदीप कारकून, छाया टायपिस्ट, दोघं एकाच हापिसात. त्यांचं जमतं. सुदीप दोस्तांबरोबर एका खोलीत दाटीवाटीनं राहतो, छाया भावाच्या घरात. लग्न करायचं तर डोक्यावर छप्पर पाहिजे. म्हणून दोघं पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवतात, घरं बघत हिंडतात, आणि अजून बांधून व्हायच्या इमारतीत पैसे भरतात. बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. पैसे बुडालेला त्यांचा एक मित्र तर जीव देतो.

इथवर सगळ्या हळहळत होत्या. खरी गोष्ट पुढंच आहे. हापिसाचा मालक मोदी. बायको वारलेली, वय झालेलं, हृदयाचं दुखणं. तो छायाला मागणी घालतो. छाया हे सुदीपला सांगते, आणि सुदीप म्हणतो, हो म्हण! म्हातारा फार दिवस काढायचा नाही, मग घर आपलं, पैसा आपला, आपण दोघं मोकळे.

आमची एक मावशी ताडकन बोलली, “अगं, हा तर पोरगी विकाया निघाला!” तर दुसरी म्हणाली, “पिचलेला माणूस हाय. वाईट न्हाई.”

दोघींचंही खरं आहे, म्हणूनच हा सिनेमा डोक्यातून जात नाही. सुदीप काही खलनायक नाही. अमोल पालेकरांनी त्याचं काम केलंय. सिनेमात यायच्या आधी ते स्वतः बँकेत नोकरीला होते, त्यामुळं हापिसातला माणूस त्यांच्या अंगात बसलेला. सुदीपचं दुःख खरं आहे. राबूनही हाती काही लागत नाही, वर फसवणूक झालेली. पण त्याची भरपाई कुणी करायची? तर छायानं. तिचं अंग, तिचं नाव, तिची वर्षं. तिला काय वाटतं, हे तो शेवटी विचारतो.

छाया आधी चिडते, मग लग्न करते. पण पुढं सुदीपचा हिशेब चुकतो. घरात माणूस आल्यावर मोदीची तब्येत सुधारते. ज्याच्या मरणाची वाट बघायची, त्याला छाया वेळेवर औषध देते, आणि बघता बघता तिला त्या माणसाची माया लागते. सुदीप आपला हक्क सांगायला येतो तेव्हा ती त्याला परत पाठवते. भिमसैन या दिग्दर्शकानं तिला पापीण ठरवलं नाही, हे आम्हाला फार आवडलं. हेच भिमसैन दूरदर्शनवरच्या ‘एक अनेक और एकता’चे. पाखरं शिकाऱ्याचं जाळंच घेऊन उडतात, ते चित्र! मोदीचं काम डॉ. श्रीराम लागूंचं, आणि त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला होता. लागू मुळात कान-नाक-घशाचे डॉक्टर, पण इथं पेशंट शोभतात.

मुंबईची जुनी गोष्ट, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाची पोरं घोड्यावर बसून, बँड लावून, नवरदेवाच्या वेशात कलेक्टर कचेरीवर गेली होती. लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंग तपासणी बंदीचा कायदा कडक राबवा, अशी त्यांची मागणी. खोटी नव्हती. पोटातच पोरी मारल्या तर नवऱ्या कुठून येणार? आमच्या पोरींना काय हवंय, हे विचारत मात्र अजून कुणाचा मोर्चा आमच्या दारी आलेला नाही.

आता सोयरीक ठरताना पहिला प्रश्न असतो, पुण्यात फ्लॅट आहे का? मग पोरगा आईच्या मागं लागतो. आई गंठण गहाण टाकते, गटातून कर्ज उचलते. म्हणून दोन गोष्टी कानात धरा. आपण गोरोबाकाकांच्या गावच्या. मडकं कच्चं की पक्कं, ते थापटणं मारल्याशिवाय आपण घेत नाही. मग घर तसंच कसं घ्यायचं? मोठ्या इमारतीची महारेराकडे नोंदणी लागते. तिचा नंबर मागा आणि पोराला मोबाइलवर तपासायला सांगा. नोंदणीकृत करार व्हायच्या आधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. सुदीप-छायाच्या वेळी हा कायदा नव्हता.

दुसरं, कागदावर नाव. फक्त बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. गावातलं घरकुलही बाईच्या किंवा दोघांच्या नावानं होतं. हप्ता आपण फेडायचा आणि पाटी एकट्या त्याची, असं का?

सुदीपवर आमचं अजून एकमत नाही. जिचा धाकटा चाकणला कंपनीत आहे, ती अजून त्याचीच बाजू घेते. “पोरगं खोलीवर सहा जणांत झोपतं, तुम्हाला काय ठाव,” म्हणते. तिला आम्ही काही बोललो नाही. तुमच्या गटात सिनेमा बघितलात तर कळवा. छायानं मोदीला हो म्हणायलाच नको होतं, असं आमच्यातल्या नऊ जणी म्हणतात. बाकीच्या गप्प आहेत.