वावटळ आणि घूर्णवाती वादळ

गेल्या वैशाखात गोंदियाजवळच्या एका रिकाम्या बांधीतून धुळीचा उंच स्तंभ गरगरत जाताना पाहून सोबतच्या मुलाने "काका, हाच का टोर्नेडो?" असे विचारले, आणि या प्रश्नाचे उत्तर तपशीलवार द्यावे असे मनापासून वाटले.

ती वावटळ होती. निरभ्र आकाशाखाली तापलेली भूमी तिला जन्म देते. मेघाशी तिचा संबंध नसतो.

घूर्णवाती वादळ, म्हणजेच टोर्नेडो, गडगडाटी मेघातून उतरते. जमिनीलगत उष्ण व दमट हवा, तिच्यावर कोरड्या हवेचा थर, आणि उंचीगणिक झपाट्याने पालटणारी वाऱ्याची दिशा व गती, ही सामग्री एकत्र जुळली म्हणजे हवेत आडवी घूर्णने उत्पन्न होतात, आणि मेघातला प्रबळ ऊर्ध्वप्रवाह तीच उभी करतो.

बंगालच्या उपसागराची आर्द्रता आणि वायव्येची कोरडी हवा आपल्या मुलखातही उन्हाळ्याच्या तोंडाशी भेटतात. पदरी मात्र बहुधा गारपीट आणि विजाच येतात. बंगालच्या मैदानात हाच संगम फार उग्र होतो: २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-सातुरिया भागात अशा वादळाने सुमारे १३०० माणसे दगावली.