मुलांच्या हाती रंग

चित्रकला म्हणजे सुखवस्तू घरातल्या मुलांची हौस, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. रंगपेटी महाग, कागद महाग. मग ऊसतोडणीवाल्यांच्या पोरांनी चित्रे कशाला काढावीत? या समजुतीचा आज थोडा विचार करू.

बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काही मुले बरोबर जातात. काही आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. अशा मुलाला निबंध लिहायला सांगा, दोन ओळींत अडेल. कोळशाचा तुकडा द्या. ते बैलगाडी काढील, कोपी काढील, आणि कोपीहून मोठी आई काढील. आपण लगेच म्हणतो, "अरे, प्रमाण चुकलं!" चुकलेले काही नसते. मनात जे मोठे, ते कागदावर मोठे. व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांचा चित्रवर्ग काढला तो याच विचाराने: नक्कल नको, मुलाला त्याचे स्वतःचे काढू द्या.

आता साहित्य. गेरू, चुना, काजळी घरोघरी असते. हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाका. पिवळ्याचा लाल होतो. हे मात्र मोठ्यांनी करावे, चुना डोळ्यांत जाता कामा नये. फाल्गुनात पळसाची फुले उकळली की केशरी रंग मिळतो. बाभळीचा डिंक भिजवून त्यात मिसळला म्हणजे रंग धरून बसतो. हळदीचा रंग उन्हाने उडतो, म्हणून चित्र सावलीत ठेवावे. कागद नसेल तर सारवलेली भिंत आहेच.

बीड शहरातल्या शिक्षकांना तर कंकालेश्वर हाताशी आहे. पाण्याच्या मधोमध उभे दगडी देऊळ, भिंतींवर कोरीव मूर्ती! एका रविवारी मुलांना तिथे न्या. एकच मूर्ती घटकाभर पाहू द्या, मग काढू द्या. नीट पाहता येणे, हेच खरे शिक्षण. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या परीक्षा पुढे आहेतच; पण आधी गोडी, मग परीक्षा.

आणि एक करा. हंगाम संपून माणसे गावी परतली, की ही चित्रे चावडीत मांडा. आपल्या लेकराने मागे राहून काय पाहिले, काय सोसले, ते आईबापांना तिथे दिसेल. बोलून दाखवायला त्या लेकराजवळ शब्द नव्हते; रंग होते.