नऊ फुटांमागे एक फूट चढणारी ओंडक्यांची गाडी

बोरघाटात रेल्वे ३७ फुटांमागे एक फूट चढते, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅस गावची गाडी मात्र सर्वांत अवघड टप्प्यावर नऊ फुटांमागे एक फूट चढते!

ही करामत ‘शे’ इंजिनाची. एफ्राइम शे हा मिशिगनमधला लाकूडतोडीच्या धंद्यातला माणूस. ओंडके बर्फावरून घसरगाड्यांनी निघत. बर्फ वितळलं की काम ठप्प. म्हणून त्यानं चक्क मेपलच्या लाकडाचे रूळ टाकले. नेहमीचं जड इंजिन त्यांची वाट लावणार, तेव्हा गड्यानं स्वतःचंच इंजिन जुळवलं. पेटंट मिळालं १८८१मध्ये.

त्याची रचना बघाच. सिलिंडर उभे, तेही सगळे उजव्या अंगाला. त्यांच्या जोरावर एक लांब दांडा फिरतो आणि दातेरी चक्रांमधून तो जोर प्रत्येक चाकाला देतो, अगदी कोळसा-पाण्याच्या टेंडरखालच्या चाकांनासुद्धा. एकही चाक आयतं फिरत नाही! उजवीकडे एवढा भार, म्हणून बॉयलर डावीकडे सरकवलेला; समोरून इंजिन वाकडंच दिसतं. आणि आवाज? भकभक इतकी जलद की वाटावं, मेल सुसाट सुटली. गाडी मात्र माणसाच्या चालीनं चढत असते. ओहायोतल्या लिमा कारखान्यानं अशी सुमारे २,७७० इंजिनं बांधली.

डोंगरात वळायला जागा नसेल तिथे झिगझॅग. गाडी पुढे जाऊन थांबते, सांधा बदलतो, मग ती उलटी वर चढते. खंडाळ्याच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनचीही हीच युक्ती होती.

कॅसची लाईन १९०१ची. ती शक्य झाली, कारण ग्रीनब्रायर नदीकाठानं चेसापीक अँड ओहायो ही थोरली रेल्वे नुकतीच गावात पोचली होती. डोंगरातलं स्प्रूसचं लाकूड ‘शे’नं खाली आणायचं, आणि कोव्हिंग्टनच्या कागद गिरणीपर्यंत ते थोरलीनं न्यायचं. दोन्ही रूळ एकाच मापाचे, त्यामुळे वाघिणी तशाच पुढे जात.

१९६०मध्ये कॅसची लाकूड गिरणी बंद पडली. रूळ भंगारात निघणार, तेवढ्यात राज्यानंच लाईन विकत घेतली आणि १९६३पासून तिच्यावर पर्यटक बसू लागले. कामगारांच्या पांढऱ्या लाकडी घरांत आता पाहुणे मुक्काम करतात. थोरलीचा नदीकाठचा फाटा मात्र पुढे उखडला गेला. तिथे आज सत्तरहून जास्त मैल लोक सायकली चालवतात.

१९०५ साली बांधलेलं पाच नंबरचं ‘शे’ याच डोंगरावर शंभरी ओलांडून गेलंय. त्याच्या सोबतीला सहा नंबर आहे: १९४५चं, १६२ टनांचं, बांधलं गेलेलं शेवटचं ‘शे’. ते मूळचं वेस्टर्न मेरीलँड या मोठ्या रेल्वेचं. ती चाकरी काही वर्षांतच संपली; मग म्युझियम, आणि तिथून १९८०च्या सुमारास ते या छोट्या लाईनीवर चढायला आलं.